लेबलावरचे मनुके

७ जानेवारी, शनिवार

व्याह्यांचा हुकूम आहे: जे प्याल ते लिहून ठेवा, नाहीतर पिणं आणि सांडणं यात फरक राहत नाही. ते निवृत्त न्यायाधीश. "मीठ द्या जरा" म्हणाले तरी निकाल दिल्यासारखं वाटतं. तेव्हा लिहितो.

आजचा ग्लास: बारा वर्षांची सिंगल माल्ट. वास: टायरचं दुकान, सकाळी शटर वर केल्या केल्या. चव: बरी. याच्यापुढे काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून बाकीचं लिहितो.

आमचा चौघांचा गट आहे. फोनवर त्याचं नाव 'घरचा ग्लास'. नियम दोनच. बाहेर कुठे जमायचं नाही, ज्यानं त्यानं आपापल्या घरात, आपापल्या खुर्चीत ओतायचं. आणि शनिवारी संध्याकाळी फोनवर सगळे जमले की ग्लासात काय आहे आणि कसं लागतंय ते खरं सांगायचं. व्याही, दंतवैद्य, कॅप्टन आणि मी. कॅप्टनचा समुद्राशी काडीचा संबंध नाही, त्याचा छपाईचा कारखाना आहे. शाळेत बुद्धिबळाच्या संघाचा कप्तान होता, तेवढ्या पुण्याईवर आयुष्य काढतोय. मला सगळे कॉम्प्रेसर म्हणतात. चुकीचं नाही. एक पाना आणि एक सायकल एवढ्या भांडवलावर सुरुवात केली, आज गावातल्या निम्म्या शीतगृहांची मशीनं माझ्या हाताखाली आहेत. शिक्षण बेताचं, पण कान देवानं सढळ हातानं दिले. गळती कुठे आहे ते लोक साबणाचं पाणी लावून शोधतात. मी दारात उभा राहून सांगतो.

व्याही गटाचं नाक. त्यांची हुंगायची एक तऱ्हा आहे, फोनमधूनही ऐकू येते. आधी एक आखूड श्वास, मग एक लांब, मग काही वेळ गप्प. मग निकाल. हिवाळ्याच्या सुरुवातीला मोठा ताप काढला, त्यातून उठल्यापासून मात्र जरा घाईत असतात. निकाल आधीच तयार असल्यासारखा देतात. वय झालं की माणूस उतावीळ होतो म्हणतात, तसं असेल.

लेक-जावई नोकरीच्या गावी असतात. लेकीला एप्रिलमध्ये बाळ होणार. लग्नाच्या दिवशी व्याह्यांनी एक भारी बाटली घेऊन ठेवली होती: नातवंड होईल त्या दिवशी उघडायची, आपण दोघांनीच. विहीणबाईंनी बाटलीच्या गळ्याला स्वतःच्या हातानं निळी फीत बांधली आणि मला म्हणाल्या, "त्याच्या आधी उघडलीत तर माझ्याशी गाठ आहे." त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. बाटली तशीच आहे, फीतही. मी मनातल्या मनात त्या दिवसाची वाट बघतो आहे. बाळाची तर बघतोच.

२८ जानेवारी, शनिवार

आज माझी पाळी होती. आमच्यात पाळीपाळीनं एकानं सगळ्यांना दोन-दोन घोट पाठवायचे असतात. औषधाच्या दुकानातून रिकाम्या बाटल्या आणायच्या, भरायच्या, वर चिठ्ठी लावायची आणि घरोघर पोचवायच्या. मी दोन अगदी उलट स्वभावाच्या निवडल्या. एक नंबर शेरीच्या पिंपातली, मनुक्याची गोडी असलेली. दोन नंबर धुराची, चुलीजवळ बसल्यासारखी. चिठ्ठीवर तसं लिहिलंही.

एक नंबर सगळ्यांनी ओतली. व्याही लगेच म्हणाले, "मनुके. मध. शेवटी थोडं जुनं लाकूड." कॅप्टन म्हणाला, मनुके तर आहेतच, पण मागे अंजीर उभं आहे. दंतवैद्य म्हणाले, त्यांना जर्दाळूही लागला. तेवढ्यात त्यांच्या मागून बायकोचा आवाज, अहो काय जळतंय? ते म्हणाले, काही नाही, तू जा.

मला स्वतःला मोटरच्या जळक्या वाइंडिंगचा वास येत होता. पण चार शहाण्यांत आपण कशाला वेडं व्हायचं? मीही म्हणालो, मनुके.

२९ जानेवारी, रविवार

घोटाळा माझाच. सकाळी मूळ बाटल्या काढून पुन्हा हुंगल्या. भरताना नरसाळं धुवायला उठलो होतो, परत येऊन एक नंबरच्या बाटल्यांत दोन नंबरची ओतत सुटलो. काल सगळ्यांनी एक नंबर म्हणून धूर प्यायला आणि मनुके मनुके करत राहिले.

कॅप्टनचं आणि दंतवैद्यांचं नवल नाही. ते व्याह्यांच्या मागून 'हो' म्हणणारे. पण व्याह्यांच्या नाकातून धूर निसटणं शक्य नाही. मग ते तसं का म्हणाले? दिवसभर विचार केला आणि उलगडलं. त्यांना पहिल्या घोटातच कळलं असणार की कॉम्प्रेसरनं माती खाल्ली. चारचौघांत व्याह्याची फजिती नको म्हणून चिठ्ठीवर होतं तेच बोलले. माणूस मनानं केवढा मोठा. मी असतो तर वर्षभर चिडवलं असतं.

हिला सांगितलं. ही तांदूळ निवडता निवडता थांबली, म्हणाली, "त्यांनी खरंच हुंगलं होतं का?"

म्हटलं, तुला त्यातलं काय कळतंय.

११ फेब्रुवारी, शनिवार

व्याही दुपारी घरी आले. मुद्दाम लिहितो, कारण दाराची कडी वाजायच्या आधी त्यांचं अत्तर आत आलं. एवढं की ही खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. शर्ट इस्त्रीचा, केस नीट विंचरलेले. आयुष्यात कधी या माणसानं दाढीनंतर तुरटीशिवाय काही लावलेलं मी पाहिलं नाही.

चहा झाला. पहिला घोट घेतला आणि मी कप खाली ठेवला, दूध नासलं होतं. हिला खूण करणार तोवर व्याह्यांनी आपला कप संपवला होता आणि वर म्हणाले, "छान झालाय." केवढी ही रीतभात. न्यायालयात तीस-चाळीस वर्षं बसून आलेला संयम म्हणतात तो हाच.

ते गेल्यावर मी हिला म्हटलं, मला वाटतं व्याह्यांच्या मनात दुसरं लग्न आहे. अत्तर उगीच कोणी लावत नाही. आपण आडकाठी करायची नाही, एकटा माणूस, घर खायला उठत असेल. ही इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग एकदम हसायची थांबली.

"तुम्ही त्यांना सरळ विचारा तरी," म्हणाली.

लग्नाचं असं सरळ विचारतात होय?

२५ फेब्रुवारी, शनिवार

आज काही प्यायलो नाही. लिहायलाही बसणार नव्हतो.

संध्याकाळी व्याह्यांचा निरोप आला म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांचं घर म्हणजे पुस्तकं, एक लांब टेबल आणि जिकडेतिकडे चष्मे. खिडकीपाशी विहीणबाईंची खुर्ची, त्यांच्या शालीसकट, अजून तशीच. टेबलावर ती बाटली ठेवली होती, निळ्या फितीची. मला वाटलं, दाखवायला काढली असेल. तर त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, तुम्ही घेऊन जा. वेळ आली की तुम्हीच उघडा, जावयाला द्या, दंतवैद्यांना द्या. माझी आता त्यात काही राहिलेली नाही.

मी विचारलं, राहिलेली नाही म्हणजे काय? म्हणाले, "इच्छा." आणि गटातूनही बाहेर पडतो म्हणाले. शनिवारी माझी वाट पाहू नका.

मी बाटली घेतली नाही. मला राग आला, तो दाखवलाही. म्हटलं, व्याही, माझ्याबरोबर बसायचा कंटाळा आला असेल तर तसं सांगा. मी टायरच्या दुकानाचे वास सांगणारा माणूस, तुम्ही कुठे, मी कुठे. ते काहीतरी बोलणार होते. पण नुसती बाटली परत स्वतःकडे ओढून घेतली. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला नाही.

सोयरीक करताना लोक म्हणाले होते, पायरी बघून माणूस जोडावा. तेव्हा हसलो होतो.

४ मार्च, शनिवार

व्याह्यांशिवाय गट म्हणजे चालकाविना बस. कॅप्टन म्हणाला, अंजीर लागतंय. दंतवैद्य म्हणाले, कुठे? कॅप्टन म्हणाला, नसेल मग. सगळे लवकर झोपायला गेले.

मी फोनवरचे व्याह्यांचे जुने निरोप ऐकत बसलो. ते दर शनिवारी आपला निकाल बोलूनही पाठवायचे. गेल्या उन्हाळ्यातल्या निरोपात ते हुंगणं स्पष्ट आहे. आखूड, लांब, गप्प. मग पुढे पुढे येत गेलो. तापानंतरच्या एकाही निरोपात श्वास नाही. ग्लास टेबलावरून उचलल्याचा आवाज, आणि थेट निकाल.

म्हणजे माणसाचं मन त्यातून केव्हाच उडालं होतं, आपल्याला मात्र कळलं नाही. एवढे महिने निव्वळ आमच्यासाठी बसत होते. हे समजल्यावर राग जायला हवा होता, पण वाईटच जास्त वाटलं. उद्या फोन करून काय ते बोलून टाकतो.

५ मार्च, रविवार

रात्र बरीच झाली. तरी लिहितो.

दिवसभर बोलायची जुळवाजुळव करत होतो. दिवेलागणीला फोन केला. व्याही म्हणाले, थांबा, चहा टाकतो, मग बोला. फोन ओट्यावर ठेवून स्पीकरवर टाकला असावा, कारण सगळं स्वयंपाकघर माझ्या कानात आलं. नळ. पातेलं शेगडीवर ठेवल्याचा आवाज. बटण फिरलं, खट्. लायटर, टक् टक्. मग "हं, बोला."

मी बोलायला लागलो. तयारी केली होती तशी, मुद्देसूद. लेकीला काय सांगू, विहीणबाईंनी फीत कशासाठी बांधली होती, असं सगळं. ते ऐकत होते. आणि माझं बोलणं चालू असताना कानाला काहीतरी टोचत होतं. कामावर असं होतं कधी कधी: सगळी मशीनं चालू आहेत, कुठे बिघाड दिसत नाही, तरी पाऊल पुढे पडत नाही. काय ऐकू येतंय ते शोधत बसलो आणि मग लक्षात आलं, की काय ऐकू आलं नाही ते शोधायला हवं. लायटर वाजला होता. त्यानंतर येतो तो 'भप्' आलाच नव्हता. आणि मागे बारीक, एकसारखी सूंऽऽ चालली होती.

तिकडून व्याही म्हणाले, "पाणी अजून तापेना कसं?" ओट्यावरून काहीतरी उचलल्याचा आवाज आला.

"व्याही," मी म्हटलं, "हातात लायटर आहे का?"

"आहे."

"खाली ठेवा. हळूच. वाजवू नका."

"काय झालं?"

"गॅस पेटलेला नाही. बटण बंद करा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका, लागलाय तो लागलेला राहू दे. फोन तिथेच राहू दे. खिडकी उघडा, दार उघडा आणि बाहेर अंगणात जाऊन उभे राहा. मी येतो."

खट्. सूं थांबली. खिडकीची कडी, मग दार. पावलं दूर जाईपर्यंत मी फोन कानाला धरून होतो.

ही गाडीत माझ्या आधी येऊन बसली. वाटेत मी म्हणालो, एवढ्या गॅसात उभा राहून माणसाला वास कसा आला नाही? ही म्हणाली, "त्यांना वासच येत नाही. नासका चहा प्यायले त्या दिवसापासून मला वाटत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला सगळं ऐकू येतं ना."

व्याही अंगणात अनवाणी उभे होते. घर वारं खात होतं. मी आत जाऊन सगळं बघून आलो, सिलिंडर बंद केला, आणि तिघं पायरीवर बसलो. न्यायाधीशाचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. तापानंतर नाक गेलं ते परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. कुणाला सांगितलं नाही, कारण गटात त्यांची ओळखच ती. मी विचारलं, मग ते मनुके?

"चिठ्ठीवर होतं ते वाचलं."

"आणि बाकीचे?"

"त्यांनी माझं ऐकलं."

"म्हणजे तुम्ही माझी लाज राखली नाहीत?"

"कसली लाज?"

मग मला नरसाळ्याची गोष्ट सांगावी लागली. महिनाभर ज्या मोठ्या मनाचं मी कौतुक करत होतो ते असं पाण्यात गेलं. व्याही इतके हसले की खोकला लागला, आणि हसता हसताच आवाज बदलला.

"दारूचं काही नाही हो, व्याही," ते म्हणाले. "तिचं कपाट आहे. मी कुणाला आवरू दिलं नाही. रोज उघडायचो, घटकाभर उभा राहायचो. तापातून उठलो, उघडलं, आणि आत नुसते कपडे."

जिनं त्यांच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्या हिनं त्यांचा हात हातात घेतला आणि आमच्या घरी चला म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

११ मार्च, शनिवार

त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसची सूचना देणारं यंत्र बसवून आलो. स्वतः बसवलं, माणूस पाठवला नाही. तपासायला वाजवलं तर व्याही दचकून म्हणाले, हे तुमच्यापेक्षा कर्कश आहे. म्हटलं, पण हे मुद्देसूद बोलतं.

संध्याकाळी ते गटात आले आणि सगळ्यांना खरं काय ते सांगितलं, नियमाप्रमाणे. मग कॅप्टन म्हणाला, साहेब, मलाही अंजीर कधीच लागलेलं नाही. दंतवैद्यांनी जर्दाळू मागे घेतला. मागून त्यांची बायको म्हणाली, जळत होतं, मी तेव्हाच सांगितलं होतं. तिला गटात घेतलं आहे.

आता व्याही विचारतात आणि आम्ही सांगतो. मला उलटतपासणीला उभं केल्यासारखं होतं. टायरचं दुकान म्हणजे नवे टायर की वापरलेले? ऊन होतं की सावली? उत्तरं देता देता कळतं, की इतके दिवस मी हुंगतच नव्हतो.

२२ एप्रिल, शनिवार

नात झाली. मंगळवारी. आज घरी आणली. आई आणि मुलगी दोघी ठणठणीत.

संध्याकाळी ही लेकीपाशी होती, जावई औषधं आणायला गेले होते. व्याह्यांनी बाटली आणली. फीत त्यांनी सोडली, गाठ कापू दिली नाही. घडी करून खिशात ठेवली. मी ओतली. ओतायच्या आधी म्हटलं, कान इकडे करा. ग्लास भरत जातो तसा आवाज चढत जातो, ते त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं. पुन्हा ओता म्हणाले.

मग मी हुंगलं आणि सांगितलं: लांबून आलेलं मोठं लाकडी खोकं, नुकतं फळ्या काढून उघडलेलं, आतलं मशीन अजून तेलकट कापडात गुंडाळलेलं. आणि कुणीतरी जवळच संत्रं सोलतंय. व्याह्यांनी डोळे मिटले. "खोक्याचे खिळे गंजलेले?" विचारलं. म्हटलं, नाही, चकचकीत. त्यांनी समाधानानं घोट घेतला.

तेवढ्यात लेकीनं बाहेर येऊन बाळ माझ्या हातात दिलं. व्याही जवळ सरकले. ग्लास लांब ठेवला.

"आता हिचं सांगा," म्हणाले.

मी टाळूवर नाक ठेवलं. बराच वेळ ठेवलं असेल, कारण ही दारात येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. मग म्हटलं, "व्याही, हिला कसलाच वास नाही. अजून कोरी आहे."

"गटाचा नियम काय?"

"खरं सांगायचं."

"मग?"

"खरंच सांगतोय."

त्यांनी तिला माझ्याकडून घेतलं, अगदी अलगद, आणि तिच्या डोक्याशी वाकले. एक आखूड श्वास, एक लांब. मग कितीतरी वेळ गप्प. तिनं हात काढून त्यांच्या चष्म्याला लावला. व्याही वर न बघताच म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. कसलाच नाही."

वास होता. दुकानाचा नव्हे, मशीनचा नव्हे, मला माहीत असलेल्या कशाचाच नव्हे. जे घ्याल ते लिहून ठेवा असा हुकूम आहे, पण एवढं एक मी लिहीत नाही.

त्यांना माझं पटलं, हे बरं झालं.